उमेदवारी : एका शब्दाचा कोल्हापुरी इतिहास

मराठीत ‘उमेदवारी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि त्या दोहोंमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे. शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा बाळगून असलेला. जुन्या कचेऱ्यांमध्ये उमेदवार म्हणजे पुढेमागे नोकरीत घेतील या भरवशावर बिनपगारी काम शिकणारा, दप्तरे बांधणारा, नकला उतरवणारा तरुण. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या आत्मचरित्रांतून ही उमेदवारी वारंवार भेटते. कोणी मामलेदार कचेरीत, कोणी वकिलाकडे, कोणी छापखान्यात उमेदवारी करून पुढे आलेला असतो. निवडणुका आल्या तेव्हा भाषेने नवा शब्द घडवला नाही, हाच शब्द उचलला. त्यामुळे आज ‘त्याने दहा वर्षे उमेदवारी केली’ आणि ‘त्याला उमेदवारी मिळाली’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. पहिल्या वाक्यात उमेदवारी ही करायची गोष्ट आहे, दुसऱ्या वाक्यात ती मिळायची. इंग्रजीतला समानार्थी शब्द लॅटिनमधल्या ‘शुभ्र’ या विशेषणातून आला, कारण रोममध्ये पद मागणारी माणसे खडूने पांढरा केलेला अंगरखा घालून लोकांत फिरत. त्या शब्दाने पोशाख पाहिला, आपल्या शब्दाने मन पाहिले. पांढरा पोशाख आपल्याकडेही आला, पण तो नंतर.

निवडणुकीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा निकालापासून सुरुवात करतो. कोण किती मतांनी निवडून आले, कोणाची अनामत रक्कम जप्त झाली, हे सारे नोंदलेले असते आणि नोंदलेले असते म्हणून तोच इतिहास होतो. परंतु मतदाराच्या पुढे जी नावे येतात ती आधीच निवडलेली असतात. ती निवड कशी होते, कोण करते, तिच्यासाठी वर्ष-दोन वर्षे आधी कोणती मोर्चेबांधणी चालते, या सगळ्याचे दप्तर कोठेच राहत नाही. आम्ही राजारामपुरीत राहून आणि याच शहरात शिकवून ही मोर्चेबांधणी अनेकदा जवळून पाहिली आहे. कोल्हापूरच्या विधानसभेच्या जागेपुरता, आणि प्रसंगी तिच्या आजूबाजूचा, या पूर्वपर्वाचा इतिहास येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाचे चिन्ह कोणाला मिळायचे हे १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशाखाली ठरते. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, हे ‘ए’ नमुन्यात लिहायचे आणि त्या अधिकाऱ्याने उमेदवार कोण, हे ‘बी’ नमुन्यात लिहायचे. वर्तमानपत्रांतला ‘एबी फॉर्म’ तो हाच. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत हा कागद पोहोचला म्हणजे झाले. तो कागद ज्याच्या हाती पडला त्याच्याच हाती का पडला, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याने विचारायचा नसतो. खर्चाचेही तसेच आहे. कलम ७७ नुसार उमेदवाराचा खर्च मोजला जातो तो अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. महाराष्ट्रात विधानसभेसाठी २०२२ पासून ही मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. त्याआधीच्या दोन वर्षांतले वाढदिवसांचे फलक, देवदर्शनाच्या सहली, आरोग्य शिबिरे, दहीहंड्या यांचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत येत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांच्या अंतर्गत लोकशाहीची कायद्याने तजवीज करावी असे सुचवले होते. उमेदवार निवडण्याच्या रीतीला मात्र आजही कायद्याचे बंधन नाही.

कोल्हापुरात ही गोष्ट सुरू होते ती संस्थानी काळात, आणि एका विसंगतीने. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ राखीव जागा ठेवण्यात आल्या. ब्राह्मणेतरांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळावे यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी सर्व बळ पणाला लावले होते. पण कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे येथल्या प्रजेला त्या कौन्सिलात एकही जागा नव्हती. कोल्हापूरने माणसे घडवायची आणि ती इलाख्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यांतून उभी राहायची, अशी ती तऱ्हा होती. दरबारच्या सेवेत वाढलेले सत्यशोधक भास्करराव जाधव साताऱ्यातून निवडून गेले आणि इलाख्याचे मंत्री झाले. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे, पुढे संस्थानचे दिवाण राहिलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. या दोघांच्या बाबतीत पहिल्या अर्थाची उमेदवारी, म्हणजे परिषदा, वसतिगृहे, शाळा, दरबारी कामकाज यांत घालवलेली वर्षे, आधी येते. दुसरी तिच्यामागून येते.

लठ्ठ्यांच्या वाटचालीत आणखी एक गोष्ट दिसते. ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेला हा माणूस मंत्री झाला तो काँग्रेसच्या मंत्रिमंडळात. केशवराव जेधे यांच्याबरोबर बहुजन समाजातला मोठा वर्ग त्या दशकात काँग्रेसमध्ये गेला, आणि तेथे उमेदवार ठरवण्याची एक नवी यंत्रणा उभी राहत होती. प्रांतिक समितीने नावे सुचवायची आणि सरदार पटेलांच्या नेतृत्वाखालच्या पार्लमेंटरी मंडळाने अंतिम शब्द द्यायचा, ही ती पद्धत. ‘श्रेष्ठी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत पुढे रूढ झाला, त्याचे मूळ या रचनेत आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तिला कारण होते. शिस्तबद्ध संघटना हवी होती आणि गावोगावच्या प्रतिष्ठितांची भाऊगर्दी आवरायची होती. लढा संपला तरी रचना राहिली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी दहा वर्षे, १९३९ पासून, प्रजा परिषदेने येथे जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा दिला होता. चित्रकार आणि लेखक भाई माधवराव बागल, घटना समितीचे सदस्य झालेले देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार, ही त्या लढ्यातली नावे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी कोल्हापुरात पुढारी होते ते या तालमीतून आलेले. शेतकरी कामगार पक्षाची मुळे ग्रामीण भागात खोल गेली होती, काँग्रेसकडे सत्याग्रहींची फळी होती, आणि तरीही पहिल्या लोकसभेत या भागातून अपक्ष म्हणून गेले ते राजाराम महाविद्यालयाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना ते नाव पुस्तकांच्या शिक्क्यावरून ठाऊक असते. इंग्रजीचा प्राध्यापक कोणत्याही पक्षाच्या तिकिटावाचून दिल्लीला गेला, हे मात्र त्यांना सांगावे लागते.

१९५७ ची निवडणूक हा कोल्हापूरच्या उमेदवारीच्या इतिहासातला वेगळा अध्याय आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे पक्ष होते. जागावाटप म्हणजे काय हे मराठी माणसाने मोठ्या प्रमाणावर पाहिले ते तेव्हा. एका जागेवर दोन पक्षांचा हक्क, तर एकाने मागे सरायचे. का सरायचे, तर मुंबईसाठी. कोल्हापुरातून लोकसभेवर शेकापचे भाऊसाहेब महागावकर निवडून गेले, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून थोड्या मतांनी तरले. जागा सोडणाऱ्याला त्या वर्षी कोणी ‘पत्ता कापला’ असे म्हणत नव्हते, कारण सोडण्याला सर्वांना समजेल असे कारण होते. मागे सरणाऱ्याची प्रतिष्ठा वाढत होती. पुढच्या काळातल्या जागावाटपांशी तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याच सुमारास सहकारी साखर कारखाने, दूध संघ उभे राहिले. वारणेला तात्यासाहेब कोरे, पंचगंगा कारखान्यात रत्नाप्पाण्णा कुंभार, १९६३ चा ‘गोकुळ’ दूध संघ, ही नावे जिल्ह्याच्या बोलण्यात अजून रोज येतात. या संस्थांनी राजकारणाला एक शिडी दिली. सेवा सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद, कारखान्याचे संचालकपद आणि मग विधानसभा. शिडीच्या प्रत्येक पायरीवर निवडणूक होती आणि मतदार माहितीचे होते. अमुक एक माणूस सोसायटीचे वार्षिक हिशेब वेळेवर मांडतो की नाही, हे त्याला आमदार करण्यापूर्वी गावाला कळलेले असे. या अर्थाने सहकार ही महाराष्ट्राची अनौपचारिक प्राथमिक निवडणूकच होती. तिचे दोषही मोठे होते. शिडी ज्याच्या अंगणात उभी, त्याच्या मर्जीशिवाय तिच्यावर पाय ठेवता येत नसे. भूमिहीनाला, दलिताला, स्त्रीला पहिलीच पायरी उंच होती. तरीही शिडी दिसत होती, इतके खरे.

याच काळात रामाश्रय रॉय यांनी काँग्रेसच्या उमेदवार निवडीवर एक लेखमाला १९६६-६७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिली. वरची मंडळे नियम करतात, खालचे गट अर्ज आणि तक्रारी पाठवतात, आणि शेवटचा निर्णय निकषांपेक्षा गटांच्या तडजोडीतून निघतो, हे त्या काळच्या निवडीचे चित्र साठ वर्षांनंतरही ओळखीचे वाटते. कोल्हापूर जिल्ह्यात तर ‘गट’ ही पक्षापेक्षा टिकाऊ संस्था ठरली. मंडलिक गट, घाटगे गट, महाडिक गट, पाटील गट. पक्ष बदलला तरी गट बदलत नाही आणि गटाचे नाव आडनावावरून पडते.

शहरात चित्र थोडे निराळे राहिले. पेठांतल्या तालमी, मंडळे, कामगार संघटना आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका या शहराच्या पायऱ्या. १९८५ मध्ये कोल्हापूर शहराने प्रा. एन. डी. पाटील यांना विधानसभेत पाठवले. तोवर ते विधान परिषदेत राहिलेले होते, १९७८ च्या पुलोद सरकारात सहकारमंत्री होते आणि शेकापचा बहराचा काळ ओसरू लागला होता. त्यांच्या उमेदवारीसाठी कोणी मुंबईला खेटे घातले नाहीत, कारण त्यांची उमेदवारी, पहिल्या अर्थाची, चाळीस वर्षे चालू होती. त्यानंतर शहराने शिवसेनेला कौल दिला, २००४ मध्ये काँग्रेसच्या मालोजीराजे छत्रपतींना निवडले, २००९ आणि २०१४ मध्ये शिवसेनेच्या राजेश क्षीरसागरांना, २०१९ मध्ये काँग्रेसच्या चंद्रकांत जाधवांना. हे शहर कोणाचा बालेकिल्ला नाही. म्हणूनच येथे तिकिटाला किंमत आहे आणि म्हणूनच ते मिळवण्याची धडपड लवकर सुरू होते.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शहर ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ असे विभागले गेले. काही प्रभाग इकडे, काही तिकडे. ज्यांची वीस वर्षांची ओळख एका अखंड शहराशी होती त्यांना आपला मतदारसंघ नव्याने शोधावा लागला. लगेच पुढच्या वर्षी जिल्ह्याने एक मोठा धक्का दिला. २००९ च्या लोकसभेला राष्ट्रवादी काँग्रेसने आपले विद्यमान खासदार सदाशिवराव मंडलिक यांना डावलून संभाजीराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजार मतांनी जिंकले. पक्षाने उमेदवार ठरवण्याचा आपला हक्क बजावला आणि मतदारांनी त्यावर आपला निकाल दिला. ज्या देशात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक नाही तेथे बंडखोरी हीच प्राथमिक निवडणूक होते, फक्त ती अंतिम निवडणुकीच्या दिवशीच, त्याच यंत्रावर होते. २०१५ च्या अखेरीस विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात त्याचा उलटा प्रयोग झाला. काँग्रेसने विद्यमान सदस्य महादेवराव महाडिक यांच्याऐवजी सतेज पाटील यांना उमेदवारी दिली, महाडिक अपक्ष लढले आणि २२० विरुद्ध १५७ मतांनी पराभूत झाले. तेथे मतदार नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य होते, प्रत्येक मत नावानिशी ओळखीचे होते, आणि बंड फसले.

यानंतरचा प्रसंग भाषेच्या शिक्षकांना विशेष महत्त्वाचा वाटावा असा आहे. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार होते धनंजय महाडिक, समोर शिवसेनेचे संजय मंडलिक. काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीच्या उमेदवाराविरुद्ध गेले आणि जिल्हाभर दोन शब्द दुमदुमले : ‘आमचं ठरलंय’. टोप्यांवर, गाड्यांच्या काचांवर, लग्नपत्रिकांच्या शेजारी चिकटवलेल्या कागदांवर ते दोन शब्द दिसत. मंडलिक मोठ्या मताधिक्याने निवडून आले. त्या वाक्याचे व्याकरण पाहावे. ‘आम्ही ठरवले’ असे ते म्हणत नाही. ‘ठरवणे’ या क्रियेला ठरवणारा लागतो, ‘ठरणे’ या क्रियेला लागत नाही. ‘आमचं’ ही षष्ठी आहे. जे ठरले ते आमचे आहे, पण ते कोणी, कोठे, केव्हा ठरवले हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर नाही. आणि तरीही ते वाक्य म्हणणाऱ्या शेतकऱ्याला, रिक्षावाल्याला ते आपण ठरवल्याचे समाधान देते. घोषणा म्हणून ती अजोड होती, यात शंका नाही.

एकदा हे लक्षात आले की उमेदवारीच्या सबंध परिभाषेत कर्ता गैरहजर असल्याचे दिसू लागते. उमेदवारी ‘जाहीर होते’, ‘निश्चित होते’, ‘हुकते’. नाव ‘चर्चेत येते’, ‘मागे पडते’. एखाद्याची ‘वर्णी लागते’, दुसऱ्याचा ‘पत्ता कटतो’. जागा ‘सुटते’. या क्रियापदांमागे माणसे आहेत, बैठका आहेत, फोन आहेत, पण मराठी वृत्तभाषेत ते सारे पावसासारखे आपोआप घडते. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने मुख्यमंत्र्याच्या दालनातला संघर्ष दाखवला, तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’ने सहकारसम्राट दाखवला. ज्याचे नाव फक्त चर्चेत येते आणि मागे पडते, त्या इच्छुकाची कादंबरी आमच्या अभ्यासक्रमात तरी अजून आलेली नाही. ‘इच्छुक’ हाही शब्द पाहण्याजोगा आहे. स्थळे पाहताना आणि तिकिटे मागताना, अशा दोनच ठिकाणी तो आपण वापरतो.

कोल्हापूर उत्तरमध्ये पुढे जे घडले ते या कर्ताहीन वाक्यरचनेचे टोक होते. आमदार चंद्रकांत जाधव यांचे डिसेंबर २०२१ मध्ये निधन झाले. एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत महाविकास आघाडीतल्या वाटपानुसार जागा काँग्रेसकडे राहिली. दोन वेळा आमदार राहिलेल्या क्षीरसागरांना थांबावे लागले. काँग्रेसच्या जयश्री जाधव यांनी भाजपच्या सत्यजित कदमांचा सुमारे १९ हजार मतांनी पराभव केला. हेच कदम २०१४ मध्ये याच जागेवर काँग्रेसचे उमेदवार होते.

अडीच वर्षांनी विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक आली. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात काँग्रेसने माजी नगरसेवक राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले. पक्षातल्याच माजी नगरसेवकांच्या एका गटाने विरोध केला, काँग्रेसच्या कार्यालयावर दगडफेक झाली, आणि उमेदवारी बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना देण्यात आली. त्याच वर्षी लोकसभेत त्यांचे सासरे शाहू छत्रपती काँग्रेसकडून संजय मंडलिकांना हरवून खासदार झाले होते. म्हणजे २००९ च्या लढतीतल्या दोन्ही घराण्यांचा सामना पंधरा वर्षांनी उलटला होता. लाटकरांनी अपक्ष अर्ज भरला. विद्यमान आमदार जयश्री जाधव ऑक्टोबर संपता संपता शिवसेनेच्या शिंदे गटात गेल्या. ४ नोव्हेंबरला, माघारीची मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना, मधुरिमाराजेंनी अर्ज मागे घेतला. कोल्हापूर उत्तरच्या मतदानयंत्रावर ‘हात’ हे चिन्हच राहिले नाही. ज्याचे तिकीट आठवड्यापूर्वी काढून घेतले त्याच अपक्ष लाटकरांना पक्षाने पाठिंबा दिला आणि कार्यकर्ते घरोघरी प्रेशर कुकर हे चिन्ह समजावून सांगत फिरले. २० नोव्हेंबरला मतदान झाले. क्षीरसागर सुमारे २९ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले.

या दहा दिवसांविषयी हसून बोलणे सोपे आहे आणि शहराने ते मनसोक्त केले. आम्हांला त्यात जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळी. एका माणसाचे नाव जाहीर झाले, खाली आले आणि पुन्हा वर आले. या तिन्ही वेळा काँग्रेसच्या सामान्य सभासदाला कोणी विचारले नाही. त्याने चिन्ह बदलून प्रचार केला, एवढाच त्याचा सहभाग. दगड उचलणारा आणि कुकर समजावून सांगणारा, या दोघांनाही आपले मत नोंदवण्याची दुसरी जागा पक्षाने ठेवलेली नव्हती.

अमेरिकेत अशीच तक्रार होती. उमेदवार बंद खोल्यांत ठरतात, म्हणून रॉबर्ट ला फॉलेट यांनी विस्कॉन्सिनमध्ये चळवळ केली आणि १९०४ मध्ये त्या राज्यात पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याचा कायदा झाला. पुढे तो इतरत्र पसरला. म्हणून बंद खोल्या संपल्या असे नव्हे. व्ही. ओ. की यांनी १९४९ मध्ये दक्षिणेच्या राज्यांचा अभ्यास करताना दाखवले की एकाच पक्षाचे राज्य असलेल्या प्रदेशात प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होते आणि तीत मतदार गाववाल्याला आणि शेजाऱ्याला मत देतो. त्यातून काळ्या मतदारांना तर दीर्घकाळ बाहेरच ठेवले गेले होते. १९७६ मध्ये आर्थर हॅडली या पत्रकाराने आणखी एक नाव दिले : अदृश्य प्राथमिक निवडणूक. पहिले मत पडण्याच्या कितीतरी आधी पैसा, पाठिंबे आणि वर्तमानपत्रांतली नावे यांतून अर्धा निकाल लागलेला असतो, असे त्याचे म्हणणे. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला निवडक मतदारसंघांत ही पद्धत करून पाहिली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि सदस्यांनी मतदान करून सागर मेघे आणि दत्तात्रय बनसोडे यांना निवडले. दोघेही त्या वर्षीच्या लाटेत पडले आणि प्रयोगही त्यांच्याबरोबर वाहून गेला. त्यावरून ही पद्धत वाईट ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्या वर्षी जुन्या पद्धतीने निवडलेले काँग्रेसचे उमेदवारही राज्यात दोन वगळता सगळे पडले. पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवणेही चूक आहे. ज्या जिल्ह्यात सोसायटीचे सभासदत्व कोणाला द्यायचे यावर गटांची युद्धे होतात तेथे पक्षाचे सभासद रातोरात कसे वाढतील याची कल्पना आम्हांला करता येते.

मग पणाला काय लागलेले आहे? राजारामपुरी ही राजाराम महाराजांच्या नावाची, आखून वसवलेली वसाहत. जुन्या शहराच्या पेठांना मंगळवार, शुक्रवार अशी वारांची नावे, येथे गल्ल्यांना क्रमांक. निवडणूक दीड-दोन वर्षांवर आली की या क्रमांकांच्या गल्ल्यांत बदल दिसू लागतात. मंडळाच्या गणपतीचा मांडव मोठा होतो, वर्गणीपेक्षा देणगी वाढते. चौकातल्या फलकावर एक नवा चेहरा ‘शुभेच्छुक’ म्हणून येतो. तो कोपऱ्यात असतो, पुढच्या सणाला मध्यभागी येतो. त्याच्याभोवती वीस-पंचवीस लहान वर्तुळांत तरुणांची छायाचित्रे असतात. त्या वर्तुळांतले काही चेहरे आमच्या वर्गांत बसून गेलेले असतात.

हे तरुण उमेदवारी करत असतात, पहिल्या अर्थाची. रक्तदान शिबिरात नावे लिहितात, दाखल्यांसाठी म्हाताऱ्यांना कचेरीत नेतात, रात्री फलक बांधतात. पूर्वी त्यांना निदान नगरसेवकपदाची पायरी दिसत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेचेही तेच झाले. ज्या वयात माणूस प्रभागातले गटार आणि पाण्याची वेळ यांवरून पारखला जातो, त्या वयाची एक संपूर्ण पिढी न पारखली जाता मोठी झाली. शिडीच्या मधल्या पायऱ्या काढल्या की वर पोहोचतात ते ज्यांचे घरच वरच्या मजल्यावर आहे ते. घराण्यांवर टीका करताना हे कारण आपण विसरतो. घराणी वाढली, त्यात पायऱ्या नाहीशा झाल्याचा वाटा मोठा आहे.

शिक्षकांना हे दुःख परके वाटू नये. आमच्याच क्षेत्रात नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसे तासिका तत्त्वावर आठ-आठ, दहा-दहा वर्षे शिकवत आहेत. कायमस्वरूपी जागा निघेल या आशेवर ती विद्यापीठाच्या परीक्षेची कामे करतात, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली तयार करतात, आणि जागा निघते तेव्हा ती कोणाला ‘लागली’ हे त्यांना इतरांकडून कळते. येथेही क्रियापद तेच, आणि कर्ता येथेही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कचेरीतला बिनपगारी उमेदवार नाहीसा झाला असे आपण समजत होतो. तो फलकावरच्या वर्तुळात आहे आणि स्टाफरूमच्या दाराजवळच्या खुर्चीतही आहे.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. प्राथमिक निवडणूक उद्या येईल असे आम्हांला वाटत नाही. पण प्रत्येक पक्षाने आपल्याकडे किती जणांनी उमेदवारी मागितली, त्यांच्या मुलाखती कोणी घेतल्या आणि ज्याला दिली त्याला कोणत्या कारणाने दिली, हे चार ओळींत लिहून प्रसिद्ध करावे. कारण लिहायचे म्हटले की वाक्याला कर्ता द्यावा लागतो. ‘ठरले’ लिहून भागत नाही, ‘अमुकांनी ठरवले’ असे लिहावे लागते. नियमित होणाऱ्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका ही त्याच्याही आधीची अट आहे. आणि आपल्यापुरते सांगायचे तर, जे विद्यार्थी स्थानिक राजकारणावर प्रबंधिका लिहू इच्छितात त्यांनी निकालांचे तक्ते बाजूला ठेवून आपल्या गल्लीतल्या एखाद्या इच्छुकाच्या पाच वर्षांची नोंद ठेवावी. फलक, पत्रके, मंडळांच्या पावत्या, कापून ठेवलेल्या बातम्या. हे दप्तर दुसरे कोणी सांभाळणार नाही.